निळं की गुलाबी

१९०५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या सॅरनॅक लेकच्या ट्रूडो सॅनेटोरियममध्ये क्षयाने आजारी असलेला १९ वर्षांचा एक तरुण होता. डॉ. एडवर्ड बाल्डविन यांनी त्याच्याकडून क्षयाचा जिवाणू मिळवला आणि वाढवला. त्या तरुणाचं पुढे काय झालं हे आम्हाला कुणी शिकवत नाही. त्याचा जिवाणू मात्र तेव्हापासून वाढतोच आहे, एका नळीतून दुसऱ्या नळीत, एका देशातून दुसऱ्या देशात. १९३०च्या दशकात विल्यम स्टीनकेन यांनी त्याचे दोन वाण वेगळे केले, एक रोग करणारा आणि एक न करणारा. रोग करणाऱ्या वाणाचं नाव एच३७आरव्ही. १९९८ साली क्षयाच्या जिवाणूचा संपूर्ण जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा सगळा मजकूर, पहिल्यांदा वाचला गेला तोही याच वाणाचा, सुमारे ४४ लाख अक्षरांचा, सुमारे ४,००० जनुकांचा. जगात कुठेही क्षयावर नवं औषध शोधायला घेतलं की पहिली गाठ बहुधा याच्याशीच पडते. माझी पीएचडीही याच्याच संगतीत चालली आहे.

मी क्षयावरच्या नव्या औषधांवर काम करते असं सांगितलं की समोरच्याला वाटतं, ही औषध बनवते. मी औषध बनवत नाही. औषध व्हायच्या फार आधीची, पांढरी किंवा पिवळसर चिमूटभर भुकटी माझ्याकडे छोट्या कुपीतून येते. कुपीवर नाव नसतं, नंबर असतो. ती भुकटी विरघळवायची, जिवाणूसमोर ठेवायची आणि त्याची वाढ थांबते का, थांबली तर किती कमी मात्रेत थांबते, एवढं बघायचं. वाढ थांबवणाऱ्या त्या किमान मात्रेला आम्ही एमआयसी म्हणतो. माझा बहुतेक सगळा वेळ या तीन अक्षरांमागे जातो. आणि तो तसा जावा असं मला मनापासून वाटतं, कारण २०२३ या एका वर्षात जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना क्षय झाला आणि साडेबारा लाखांच्या आसपास माणसं त्याने गेली. बरा होणारा आजार आहे हा.

या कामात वेळ जिवाणूच्या घड्याळाने मोजायचा असतो. आतड्यात राहणारा साधा ई-कोलाय जिवाणू चांगलं खाद्य मिळालं तर २० मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जिवाणूला त्यालाच २० तासांच्या आसपास लागतात. घट्ट माध्यमावर त्याच्या वसाहती डोळ्यांना दिसायला तीन-चार आठवडे जातात. दिसतात तेव्हा कोरड्या, खडबडीत, मळकट पिवळसर. द्रव माध्यमात तो आपसात चिकटून गुठळ्या करतो, त्या सुटाव्यात म्हणून माध्यमात ट्वीन-८० नावाचं साबणासारखं द्रव्य घालावं लागतं. एवढं करून मध्येच एखादा भरभर वाढणारा परका जिवाणू शिरला, तर महिन्याभराचं कल्चर दोन दिवसांत त्याच्या मालकीचं होतं. आणि हा संथपणा काही आमच्या गैरसोयीपुरता नाही. बरीच प्रतिजैविकं जिवाणूच्या बांधकामावर घाव घालतात, नवी भिंत उभी राहत असताना किंवा नवं डीएनए तयार होत असताना. ज्याने बांधकामच थांबवलंय त्याच्यावर घाव कुठे घालणार? रुग्णाला सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतात त्याचं मोठं कारण हे स्वस्थ बसून राहिलेले जिवाणू आहेत.

जिवंत एच३७आरव्हीवरचं काम बीएसएल-३, म्हणजे घातक जंतूंसाठीच्या कडक सुरक्षेच्या, प्रयोगशाळेत चालतं. आत जाताना दोन दरवाजे लागतात, पहिला बंद झाल्याखेरीज दुसरा उघडत नाही. आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवलेला असतो, त्यामुळे हवा आत येते, बाहेर पडत नाही. अंगावर मागून बांधायचा गाऊन, हातमोज्यांच्या दोन जोड्या, तोंडावर घट्ट बसणारा एन-९५. आत नेलेला कागद बाहेर येत नाही. आतलं बोलणंही कमी असतं, कारण मास्कमधून ओरडून बोलायचा कंटाळा येतो आणि हात जपून चालवायचे असतात.

प्लेट म्हणजे तळहातावर मावणारी प्लास्टिकची चौकोनी ताटली. तिच्यात ९६ खळगे असतात, ८ ओळी आणि १२ रकाने. कडेच्या खळग्यांत मी नुसतं निर्जंतुक पाणी भरते, कारण आठवडाभरात कडा वाळायला लागतात आणि वाळलेल्या खळग्याचा आकडा भरवशाचा नसतो. आतल्या खळग्यांत संयुग, प्रत्येक पुढच्या खळग्यात आधीच्या निम्मं. एका ओळीत रिफॅम्पिसिन हे क्षयाचं नेहमीचं औषध असतं. त्याचं उत्तर आधीच ठाऊक असतं आणि ते तसंच आलं तरच बाकीच्या ओळींवर विश्वास ठेवायचा. एका रकान्यात औषधच नसतं, नुसता जिवाणू. मग प्लेट पिशवीत बंद करून ३७ अंशांवरच्या इनक्युबेटरमध्ये. सात दिवसांनी प्रत्येक खळग्यात रेझाझुरिन नावाचा निळा रंग टाकायचा आणि आणखी एक दिवस थांबायचं. जिथे जिवाणू जिवंत आहेत आणि श्वसन करत आहेत तिथे निळ्याचा गुलाबी होतो. जिथे वाढ थांबली तिथे निळा निळाच राहतो.

शेजारच्या लॅबमधला माझा मित्र ही संयुगं बनवतो. तोही पीएचडीच करतोय. एकेक संयुग हातात यायला त्याचे आठवडेच्या आठवडे जातात. अभिक्रियेच्या पायऱ्या, मधल्या एखाद्या पायरीला वाया जाणारा माल, मग शुद्ध करायला कॉलम, मग रचना तपासायला एनएमआर. मी प्लेट वाचून बाहेर आले की तो एवढंच विचारतो, "निळं की गुलाबी?" बहुतेक वेळा उत्तर गुलाबी असतं.

"सगळे खळगे?"

"सगळे."

तो जरा वेळ गप्प बसतो, मग म्हणतो, "बरं. क्लोरीन काढून फ्लोरीन लावून बघतो." आणि पुन्हा वाफा ओढून घेणाऱ्या हुडकडे, त्याच्या कामाच्या जागेकडे, वळतो. या क्षेत्रातली चिकाटी मी पुस्तकातून शिकले नाही, या माणसाकडे बघून शिकले.

पण निळं म्हणजे पास आणि गुलाबी म्हणजे नापास असा सरळ हिशोब क्षयाच्या औषधांत चालत नाही. दोन गोष्टी मी नव्याने येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला आवर्जून सांगते.

पहिली निळ्याची. सिंगापूरला नोव्हार्टिसची उष्णकटिबंधीय रोगांवर काम करणारी संस्था होती. तिथल्या शास्त्रज्ञांना संयुगांचा एक अख्खा गट सापडला, पिरिमिडिन-इमिडाझोल जातीचा. प्लेटवर झकास. जिवाणू मरत होता, मात्रा कमी लागत होती, रचना सुधारत नेली तसा परिणाम वाढत होता. उंदरांना दिलं तेव्हा मात्र काहीच झालं नाही. संयुग रक्तात पोचत होतं, पुरेसं पोचत होतं, तरी जिवाणू जिवंत. कारण शोधल्यावर निघालं ते असं: प्रयोगशाळेत क्षयाचा जिवाणू वाढवायच्या माध्यमात आम्ही सगळेच ग्लिसरॉल घालतो, त्याचं ते आवडतं खाद्य. ही संयुगं जिवाणूला मारत होती ती ग्लिसरॉल पचवण्याच्या त्याच्या खटाटोपातून. ग्लिसरॉल काढून घेतलं की संयुगाचा जोर संपला. आणि फुप्फुसात जिवाणू प्रामुख्याने जगतो तो यजमानाच्या चरबीवर आणि कोलेस्टेरॉलवर. म्हणजे ते औषध जिवाणूवर चालत नव्हतं, आमच्या माध्यमातल्या जिवाणूवर चालत होतं. हे त्यांनी २०१० साली सविस्तर प्रसिद्ध केलं. एखाद्या कंपनीने हे कपाटात ठेवून दिलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. त्यांनी छापलं, म्हणून आज माझ्या लॅबमध्ये प्रत्येक चांगल्या हिटची, म्हणजे प्लेटवर चाललेल्या संयुगाची, दुसरी चाचणी ग्लिसरॉल न घालता होते. कुणाच्या तरी फसलेल्या कामाने माझ्या मित्राचे कितीतरी महिने वाचवलेत.

दुसरी गुलाबीची, आणि ती मला जास्त अस्वस्थ करते. पायराझिनामाइड हे क्षयाच्या पहिल्या फळीतलं औषध. रिफॅम्पिसिनमुळे दीड-दोन वर्षांचा उपचार नऊ महिन्यांवर आला, आणि सोबत पायराझिनामाइड दिल्यावर तो सहा महिन्यांवर उतरला. हेच पायराझिनामाइड माझ्या नेहमीच्या प्लेटवर लावलं तर सगळे खळगे गुलाबी. ते चालतं आम्लधर्मी वातावरणात, पीएच साडेपाचच्या आसपास, आणि आमचं माध्यम जवळपास उदासीन. १९५०च्या सुमाराला ते सापडलं ते थेट आजारी उंदरांवर तपासल्यामुळे. आज तीच भुकटी नंबर टाकलेल्या कुपीतून माझ्याकडे आली असती, तर मी प्रामाणिकपणे, सगळे कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच ठाऊक असलेले खळगे, बरोबर असताना, तिच्यासमोर "निष्क्रिय" लिहिलं असतं. मित्राने फ्लोरीन लावायला घेतला असता.

एकदा हे मनात बसलं की "निष्क्रिय" हा शब्द लिहिताना हात थबकतो. कुठे निष्क्रिय? कोणत्या माध्यमात, किती दिवसांत, कोणत्या अवस्थेतल्या जिवाणूवर?

कारण रुग्णाच्या फुप्फुसात एकच एक जागा नसते. शरीर जिवाणूभोवती पेशींचं कडं करतं, तीच क्षयाची गाठ. मोठ्या गाठीच्या मधला भाग मरतो आणि पनीरसारखा भुसभुशीत होतो. त्या भागात रक्तवाहिन्या नसतात, प्राणवायू जवळपास नसतो, आणि तरीही तिथे जिवाणू टिकून राहतात. रक्तातलं औषध तिथवर झिरपत जावं लागतं. शस्त्रक्रियेत काढाव्या लागलेल्या फुप्फुसांच्या तुकड्यांवर वेरोनिक दार्त्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणतं औषध गाठीत कुठवर पोचतं याचे अक्षरशः नकाशे काढले. तो अभ्यास २०१५ साली आला. मॉक्सिफ्लोक्सॅसिन गाठीच्या पेशींच्या कड्यात भरपूर साठतं, मधल्या मृत भागात मात्र नीट शिरत नाही. पायराझिनामाइड आणि रिफॅम्पिसिन शिरतात. त्याच्या आदल्याच वर्षी मॉक्सिफ्लोक्सॅसिन घालून उपचार चार महिन्यांवर आणायची मोठी चाचणी अयशस्वी ठरली होती. उंदरांमध्ये ते मिश्रण छान चाललं होतं. पण प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या उंदरांच्या फुप्फुसात तसा मृत भाग तयारच होत नाही, जिवाणू बहुतेक सगळे पेशींच्या आत असतात. म्हणजे तिथेही उत्तर खरं होतं, विचारलेला प्रश्न वेगळा होता. पुढे २०२१ मध्ये रिफापेंटिन आणि मॉक्सिफ्लोक्सॅसिनच्या जोडीने चार महिन्यांचा उपचार सिद्ध झाला. एका चाचणीने नाही म्हटलं म्हणून ती वाट कुणी सोडली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

घाईचा धोका दाखवणारं आणखी एक औषध म्हणजे बेडाक्विलिन. २००५ साली ते जगासमोर आलं, कोएन आंद्रीस यांच्या गटाच्या कामातून. क्षयाच्या जिवाणूचा भरभर वाढणारा निरुपद्रवी भाऊ, मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस, त्याच्यावर हजारो संयुगं तपासताना ते हाती लागलं. ते जिवाणूच्या एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बनवणाऱ्या यंत्रणेलाच धरतं, त्यामुळे स्वस्थ बसलेल्या जिवाणूवरही चालतं. बसून राहायलाही थोडी ऊर्जा लागतेच. पण रुग्णांवरच्या सुरुवातीच्या चाचण्यांत पहिले काही दिवस बेडक्यातले जिवाणू फारसे कमी होत नव्हते. परिणाम चार-पाच दिवसांनंतर दिसायला लागायचा. दोन दिवसांत निकाल मागणाऱ्याने ते बाजूला ठेवलं असतं. २०१२च्या अखेरीस अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, चाळीसहून अधिक वर्षांत क्षयासाठी आलेला हा पहिला नव्या जातीचा रेणू. त्यानंतर प्रेटोमॅनिड आणि लिनेझोलिड या औषधांच्या सोबतीने त्याने औषधरोधी क्षयाचा उपचार पार बदलून टाकला. दक्षिण आफ्रिकेतल्या निक्स-टीबी चाचणीत अतिशय चिवट क्षयाच्या १०९ रुग्णांपैकी ९० टक्के सहा महिन्यांच्या उपचारानंतर बरे झाले. त्याआधी अशा रुग्णांना दीड-दोन वर्षं औषधं आणि त्यातले कित्येक महिने रोज इंजेक्शन घ्यावं लागे, आणि त्या इंजेक्शनांनी अनेकांचे कान कायमचे गेले. ऐकू येणं अशाच उपचारात गमावलेल्या दोन तरुणींनी, मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी, बेडाक्विलिनच्या क्षारावरच्या पुढच्या पेटंटच्या अर्जाला भारतात हरकत घेतली, आणि मार्च २०२३ मध्ये तो अर्ज फेटाळला गेला. रेणू सापडल्यानंतरचीही वाट किती लांब असते, ते अशा माणसांकडून कळतं.

आता ज्या मुद्द्यासाठी हे सगळं लिहितेय तो. हॅन्स मेयर आणि योसेफ माली या दोघांनी १९१२ साली प्रागमध्ये एक साधा रेणू बनवला. रसायनशास्त्राच्या अंगाने त्यांना त्यात रस होता. त्याचे गुणधर्म लिहिले, प्रसिद्ध केले, पुढच्या कामाला लागले. तो रेणू म्हणजे आयसोनियाझिड. क्षयावर तो चालतो हे जगाला कळलं १९५२ साली, आणि तेही तीन वेगवेगळ्या कंपन्यांना जवळपास एकाच वेळी. मधली चाळीस वर्षं सॅनेटोरियमं भरलेली होती. त्या रेणूला जिवाणूसमोर ठेवून कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. पण त्या दोघांनी तो कसा बनवायचा हे नीट लिहून ठेवलं होतं, म्हणून चाळीस वर्षांनी का होईना, तो शास्त्रीय साहित्यात होता.

आणि लिहून ठेवण्याचंच बोलायचं तर आल्बर्ट शात्झ यांचं नाव घ्यायलाच हवं. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात सेल्मन वाक्समन यांच्या हाताखाली पीएचडी करणारे, २३ वर्षांचे. तळघरातल्या प्रयोगशाळेत मातीतल्या सूक्ष्मजीवांवर काम करताना त्यांना स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, क्षयावर खऱ्या अर्थाने चाललेलं पहिलं प्रतिजैविक. शोधाची तारीख ते १९ ऑक्टोबर १९४३ सांगत. त्यांच्या वहीत ऑगस्टमधला "प्रयोग ११" आजही वाचता येतो. १९५२चं नोबेल एकट्या वाक्समन यांना मिळालं. शात्झ सहसंशोधक आहेत हे मान्य व्हायला आधी, १९५० साली, त्यांना कोर्टात जावं लागलं होतं, आणि विद्यापीठाने त्यांचा मानाने गौरव केला तो १९९४ साली. मला हा अन्याय वाटतो. पण वही होती म्हणून तो निदान दाखवता आला.

म्हणून माझ्या थीसिसमध्ये गुलाबी आलेल्या सगळ्या संयुगांचा एक पूर्ण तक्ता असावा असा माझा आग्रह आहे. या बाबतीत वाऱ्याची दिशा उलटी आहे, हे मला ठाऊक आहे. नियतकालिकांना हिट हवी असते. "ही अमुक संयुगं चालली नाहीत" असा पेपर घेऊन कुणाकडे जायचं? मग ते आकडे लॅबच्या हार्डडिस्कवर राहतात, विद्यार्थी पदवी घेऊन जातो, डिस्क बदलते, आणि दुसऱ्या कुठल्या तरी शहरात दुसरा कुणी तरी तेच संयुग बनवायला घेतो, त्याच चौथ्या पायरीला त्याचाही माल वाया जातो. सार्वजनिक पैशातून झालेल्या कामाचा असा नाश मला पटत नाही. शिवाय निष्क्रिय संयुगंही शिकवतात. शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन रेणूंपैकी एक चालतो आणि एक चालत नाही, तेव्हाच रसायनशास्त्रज्ञाला कळतं की कोणता अणू महत्त्वाचा आहे. संगणकाला शिकवून नवे रेणू सुचवून घ्यायची आता सगळीकडे धडपड चालली आहे. त्या संगणकाला नुसते निळे दाखवले तर तो काय शिकणार?

पण तक्ता द्यायचा तर नुसतं "निष्क्रिय" लिहून भागणार नाही. माध्यम कोणतं, ग्लिसरॉल होतं की नाही, पीएच किती, जिवाणू वाढीच्या कोणत्या टप्प्यातला, रंग कितव्या दिवशी टाकला, कंट्रोलच्या रिफॅम्पिसिनचा आकडा काय आला, हे सगळं प्रत्येक नंबरापुढे हवं. पुढे कुणी वेगळा प्रश्न घेऊन आलं, तर आमचा प्रश्न नेमका काय होता हे त्याला कळायला हवं.

गाइड मॅडम आधी जरा नाखूश होत्या. परीक्षक एवढा मोठा तक्ता वाचणार नाहीत, त्यांना तुझी दोन चांगली संयुगं बघायची असतात, असं त्यांचं म्हणणं. "मॅडम, परीक्षकांसाठी नाही, पुढच्या विद्यार्थ्यासाठी आहे," म्हटल्यावर त्यांनी मसुदा ठेवून घेतला. परत आला तेव्हा समासात लाल शाईने एक नवा रकाना सुचवलेला: विद्राव्यता. संयुग माध्यमात खरंच विरघळलं होतं का? नाहीतर वाचणाऱ्याला कसं कळेल, जिवाणूने दाद दिली नाही की भुकटीच खळग्याच्या तळाशी बसली होती? अगदी बरोबर. तो रकाना आता मी भरते आहे. त्यासाठी मित्राकडून जुन्या कुप्या परत मागवल्या. काहींच्या तळाशी खरवडण्यापुरतीच भुकटी उरली आहे, पण एका प्लेटला तेवढी पुरते. ज्या पूर्ण विरघळतात त्यांतल्या काही पुढच्या आठवड्यात पीएच साडेपाचच्या माध्यमात लावणार आहे. यादी त्यानेच करून दिली. सगळ्यात वर त्याने पहिल्या वर्षी बनवलेलं संयुग आहे, आणि त्याच्यापुढे पेन्सिलीने लिहिलंय, "आधी हे."